फाशीच रद्द करा, असं बाबासाहेबांनी संविधान सभेत सुचवलं होतं

एखादा भयंकर गुन्हा घडला की मोबाईलवर एकच मागणी फिरू लागते : आरोपीला फाशी द्या, म्हणजे पुन्हा कुणाची हिंमत होणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केलेल्या शक्ती विधेयकामागेही हीच भावना होती. बलात्काराच्या गंभीर गुन्ह्यांसाठी त्यात फाशीची तरतूद होती.

या वादात एक नाव सहसा घेतलं जात नाही. ते म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नवी मुंबईत ऐरोलीला त्यांचं भव्य स्मारक आहे. संविधानाचे शिल्पकार म्हणून त्यांना सगळेच ओळखतात. पण फाशीबद्दल त्यांचं मत काय होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

आरोपीच्या बाजूने उभा राहणारा वकील

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन असा शिक्षणाचा प्रवास करून ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. परळच्या दामोदर हॉलजवळच्या त्यांच्या कचेरीत गरीब पक्षकारांची गर्दी असे.

आज नवी मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही मरण पावले. त्या धुमश्चक्रीत मामलेदारांचाही बळी गेला. नंतर सत्याग्रहींवर खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये बाबासाहेब होते.

२३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना लाहोरमध्ये फाशी झाली. पुढच्याच महिन्यात बाबासाहेबांच्या ‘जनता’ पत्रात ‘तीन बळी’ हा अग्रलेख आला. या फाशीमागे न्यायापेक्षा इंग्लंडमधल्या राजकारणाची भीती जास्त होती, असा त्याचा रोख होता. शिक्षा कोर्टाने सुनावली, पण ती अंमलात आणायची की नाही हे सत्ताधाऱ्यांच्या हाती होतं, याकडे या अग्रलेखाने लक्ष वेधलं.

आधी नकार, मग वेगळी भूमिका

नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती मांडली. हिंसेचा वापर झालेला राजद्रोह सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी, अशी त्यांची मागणी होती. मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. दुरुस्ती फेटाळली गेली.

सहा महिन्यांनी, ३ जून १९४९ रोजी विषय वेगळ्या वाटेने परत आला. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सुप्रीम कोर्टात अपील करता यावं, असं काही सदस्यांना वाटत होतं. चूक झाली तर माणूस परत आणता येत नाही, ही त्यांची चिंता होती. सगळी फौजदारी अपिलं सुप्रीम कोर्टाकडे न्यावीत, हे बाबासाहेबांना पटत नव्हतं. त्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणं आपल्याला जास्त मान्य होईल, असं त्यांनी सभेला सांगितलं.

त्यांचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हा देश अहिंसेला नैतिक आदर्श मानतो. लोक रोजच्या जगण्यात ती पाळत नसतील, पण जमेल तेवढी पाळली पाहिजे हे तत्त्व त्यांना मान्य आहे. मग अशा देशाने फाशी रद्द करणंच योग्य, असा त्यांचा विचार होता. फाशीने गुन्हे थांबतात का, या प्रश्नात ते त्या दिवशी शिरलेच नाहीत.

फाशी राहिली. कलम १३४ मध्ये अपिलाचा मर्यादित हक्क आला. उदाहरणार्थ, खालच्या कोर्टाने सोडलेल्या आरोपीला हायकोर्टाने फाशी दिली, तर सुप्रीम कोर्टात जाता येतं. राष्ट्रपतींचा दयेचा अधिकार कलम ७२ मध्ये आहे.

हा मवाळपणा होता का?

नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. त्यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. अपराध्याला शिक्षा करणं अहिंसेच्या विरोधात जात नाही, असं त्यातलं विवेचन आहे. म्हणजे गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, यावर त्यांचं दुमत नव्हतं. प्रश्न होता तो राज्याने जीव घ्यावा का, हा.

मग फाशीची जरब बसते का?

या प्रश्नाचा अनुभव स्वातंत्र्याआधीच मिळाला होता. त्रावणकोर संस्थानाने १९४४ मध्ये फाशी बंद केली. भारतात विलीन झाल्यावर ती तिथे पुन्हा लागू झाली. फाशी नसलेल्या आणि फाशी परत आल्यानंतरच्या वर्षांतले खुनांचे आकडे जवळजवळ सारखेच राहिले.

१९६७ मध्ये विधी आयोगाने देशाची परिस्थिती पाहता फाशी ठेवावी असं सांगितलं. २०१५ मध्ये न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने उलट शिफारस केली. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब जास्त बसते याला पुरावा नाही, म्हणून दहशतवादाचे गुन्हे सोडून ती रद्द करावी, असं या आयोगाचं मत होतं.

कायदाही हळूहळू बदलला. १९५५ पर्यंत खुनासाठी फाशी न देणाऱ्या न्यायाधीशाला त्याची कारणं लिहावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर उलट झालं : फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहावी लागतात. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने फाशी वैध ठरवली, पण ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांपुरतीच.

फाशीची मागणी करणाऱ्यांचा राग खोटा नसतो. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला न्याय हवाच असतो. पण तपास नीट होणं, साक्षीदार टिकणं आणि खटला वेळेत निकाली निघणं, यांवर आपण पोस्ट क्वचितच टाकतो. पकडले जाण्याची खात्री नसेल, तर कायद्याच्या पुस्तकात कितीही कडक शिक्षा लिहिली तरी गुन्हेगाराला तिची भीती वाटत नाही.

बाबासाहेबांनी १९४९ मध्ये मांडलेली सूचना मान्य करायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आजही संसदेकडे आहे.