भात्यावरचं विमान

काळेवाडीत आमच्या रूमवर कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर खेळणारे चौघं आहेत. सबमिशनच्या आदल्या रात्रीसुद्धा कुणीतरी शत्रूचं विमान पाडत असतोच. ढग काय सुरेख दिसतात! पण आमच्या जुन्या गेममध्ये विमान जंगलात घुसवलं तर झाडं धडकत नाहीत, आरपार जाता येतं. ढग म्हणजे तर नुसता पांढरा रंग. मग 'रिअलिस्टिक' म्हणायचं कशाला, यावर मेसमध्ये वाद होतात. अशा वेळी मला एडविन लिंक आठवतो. सिम्युलेटरचा हा बाप, आणि त्याच्या सिम्युलेटरमधून बाहेरचं काही दिसतच नव्हतं!

लिंकचा जन्म १९०४ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडिलांचा बिंगहॅम्टनला पियानो आणि ऑर्गनचा कारखाना. पोराला नाद विमानाचा. १९२० साली तो पहिल्यांदा शिकायला गेला. पण विमान शिकणं महाग आणि जिवावरचं, तर निम्मं जमिनीवरच का शिकू नये? कारखान्याच्या तळघरात खपून १९२९ पर्यंत त्याने एक बुटकं विमान उभं केलं आणि खाली चक्क ऑर्गनचे भाते लावले. दांडी हलवली की झडप उघडते, पंप भात्यातली हवा ओढतो, भाता मिटतो आणि विमान कलतं. भजनातल्या पेटीचा भाता आठवा, म्हणजे कळेल. (फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला हे सांगितलं असतं तर मी जागा राहिलो असतो.)

लोकांना ते खेळणं वाटलं. सुरुवातीची बरीच यंत्रं करमणुकीच्या बागांनीच घेतली.

मग १९३४ साली अमेरिकी सरकारने हवाई टपाल लष्कराकडे दिलं. ऐन हिवाळा, रात्रीची उड्डाणं, आणि नुसत्या काट्यांकडे बघून उडायची सवय नसलेले वैमानिक. अडीच महिन्यांत सुमारे डझनभर गेले. लष्कराचे अधिकारी न्यूअर्कला लिंकची वाट बघत होते. हवा इतकी वाईट, की तो येणार नाही असंच त्यांनी धरलं होतं. तो धुक्यातून उतरला! जूनमध्ये लष्कराने ६ यंत्रं घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरला.

या लिंक ट्रेनरवर टोप ओढला की समोर फक्त काटे. शिक्षक बाहेर टेबलापाशी, आणि तिथल्या नकाशावर शाईच्या चाकाचा एक 'खेकडा' तुमचा मार्ग रेघेने काढत जातो. ढगात आपलं शरीर आपल्याला फसवतं, विमान वळतंय तरी सरळ चाललंय असं वाटतं. लिंकने ढगाचं चित्र काढलं नाही, ढगातलं आंधळेपण मात्र जसंच्या तसं आणलं. माझ्या मते आमच्या गेमच्या चकचकीत ढगांपेक्षा हे जास्त खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात अशी १०,००० च्या वर यंत्रं बनली, लाखो जण त्यावर शिकले.

१९५४ साली कंपनी विकून गडी समुद्राकडे वळला. खोल पाण्यात काम करण्यासाठी त्याने पाणबुडी डिझाइन केली, 'जॉन्सन सी लिंक'. जून १९७३ मध्ये फ्लोरिडाजवळ मुद्दाम बुडवलेल्या एका जुन्या युद्धनौकेच्या ढिगाऱ्यात ती अडकली. इथे आरपार जाता येत नव्हतं. वर काढेपर्यंत एक दिवसाहून जास्त वेळ गेला. पुढच्या पारदर्शक गोलातले दोघे वाचले. मागच्या कप्प्यात थंडीमुळे कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन नीट चाललं नाही आणि तिथले दोघे गेले. त्यातला एक लिंकचा मुलगा क्लेटन, वय ३१.

लिंक तेव्हा ६८ वर्षांचा होता. तो पुन्हा कामाला बसला आणि अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसाविना पोहोचून तिला सोडवणारं, केबलवर चालणारं यंत्र त्याने तयार केलं. १९८१ साली बिंगहॅम्टनलाच तो वारला.