बाराव्या वर्षी हाती पाटी, पुढे गावोगावी वाचनालयं : सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात उभारलेली ग्रंथालय चळवळ

मालेगावजवळच्या कवळाणे गावात मार्च १८६३ मध्ये काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव गोपाळराव. आडनाव राजघराण्याचं, पण घर शेतकऱ्याचं. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हतं. हाच मुलगा पुढे बडोद्याचा महाराजा झाला, आणि त्याच्या राज्यात खेड्यातल्या माणसाला फुकट पुस्तक मिळण्याची जी सोय झाली, तशी त्या काळी हिंदुस्थानात दुसरीकडे कुठे नव्हती.

बडोद्याच्या गादीवर त्या वेळी मोठा पेच आला होता. इंग्रज सरकारने १८७५ मध्ये मल्हारराव महाराजांना पदच्युत केलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्याच्या कवळाण्याच्या शाखेतली मुलं बडोद्याला आणण्यात आली आणि त्यातून जमनाबाईंनी गोपाळरावाची निवड केली. कशासाठी आलास असं विचारल्यावर, राज्य करायला, असं त्याने बेधडक सांगितल्याची आख्यायिका बडोद्यात अजून सांगतात. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळरावाचा सयाजीराव झाला.

मग सुरू झालं शिक्षण. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषा जवळजवळ एकदमच. ज्या वयात इतर मुलं चार-पाच इयत्ता ओलांडून गेलेली असतात, त्या वयात हा मुलगा बाराखडी गिरवत होता. राज्याचा कारभार तोवर दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

शाळा आली, पण पुढे काय?

अधिकार मिळाल्यावर थोड्याच काळात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी राज्याने शाळा काढल्या. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं. तो प्रयोग तेरा वर्षं चालवून पाहिल्यावर १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. मुलांबरोबर मुलींनाही शाळा सक्तीची झाली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता.

पण शाळेनंतरचा प्रश्न तसाच राहिला. खेड्यातला मुलगा चार-पाच वर्षं शिकायचा आणि मग शेतावर जायचा. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही. काही वर्षांत अक्षरं पुसट व्हायची आणि शाळेवर केलेला खर्च वाया जायचा. सक्तीच्या शिक्षणाला टिकवायचं तर शाळेच्या बाहेर वाचायला काहीतरी हवं, हे सयाजीरावांच्या लक्षात आलं होतं. उशिरा अक्षर शिकलेल्या माणसाला ते लवकर कळलं असावं.

राज्यात या कामाची सुरुवात आधीच एका शिक्षकाने केली होती. वसो गावचे मोतीभाई अमीन. त्यांनी मित्रमंडळं उभी करून १९०६ च्या सुमारास गावोगावी छोटी वाचनालयं काढायला घेतली. लोक वर्गणी काढायचे, वर्तमानपत्रं मागवायचे, कुणाच्या ओसरीवर ठेवायचे. पुढे राज्याने स्वतःची योजना आखली तेव्हा अमीन यांनाही त्या कामात घेतलं.

अमेरिकेतून आणलेला ग्रंथपाल

१९०६ मध्ये सयाजीराव अमेरिकेला गेले होते. १९१० मध्ये ते पुन्हा गेले. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांच्या मनात भरली. कोणीही यावं, पुस्तक घरी न्यावं, पैसा द्यायचा नाही, हा प्रकार त्यांना बडोद्यात हवा होता. पाहून आल्यावर त्यांनी थेट माणूसच बोलावला. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात ग्रंथपाल असलेले विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन १९१० च्या अखेरीस बडोद्यात आले आणि १९१३ पर्यंत राहिले.

तीन वर्षांत बॉर्डन यांनी सगळी घडी बसवली. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. त्यासाठी महाराजांनी लक्ष्मी विलास राजवाड्यातला आपला सुमारे वीस हजार पुस्तकांचा खासगी संग्रह देऊन टाकला. पुस्तकं लावण्यासाठी ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकन पद्धतींचा मेळ घालून बडोद्यापुरती वेगळी वर्गीकरण पद्धत तयार केली. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातला हा असा पहिला वर्ग मानला जातो. १९१२ पासून एक त्रैमासिकही निघू लागलं. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी, तिन्ही भाषांतला मजकूर असायचा.

बॉर्डन परत गेल्यावर काम थांबलं नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी ते सांभाळलं. परदेशी माणूस आणून त्याच्याकडून शिकून घ्यायचं आणि मग आपल्या माणसांनी चालवायचं, हा हिशेब आधीपासूनच केलेला होता.

तीन वाटे

या योजनेतला सगळ्यात विचार करण्यासारखा भाग म्हणजे पैशाची व्यवस्था. महाराज श्रीमंत होते. त्यांनी ठरवलं असतं तर प्रत्येक गावाला आयतं वाचनालय बांधून देता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही.

नवं वाचनालय काढायचं तर गावाने पंचवीस रुपये जमवायचे, की राज्य शंभर रुपयांची पुस्तकं देणार. पुढचा दरवर्षीचा खर्च तीन वाट्यांत. गावाने वर्षाला शंभर रुपयांपर्यंत जितके जमवले, तितकेच प्रांत पंचायत देणार आणि तितकेच सरकार देणार. म्हणजे गावाचे शंभर असतील तर वाचनालयाच्या हाती तीनशे येणार. कसब्याच्या गावाला ही मर्यादा तीनशे रुपये आणि प्रांताच्या मुख्य शहराला सातशे. इमारत बांधायची तरी असेच तीन वाटे.

गावाने काही दिलं नाही, तर सरकारचंही येत नाही. त्यामुळे वाचनालय उघडलं की नाही, पुस्तकं आली की नाही, हे बघायला गावातलीच माणसं उभी राहायची. ज्याने चार आणे दिलेत तो जाब विचारतो. सरकारी अनुदान घेऊन कुलूप लावण्याची पाळी अशा ठिकाणी सहजासहजी येत नाही.

जिथे वाचनालय नव्हतं, तिथे फिरती पेटी जायची. बडोदे राज्य सलग नव्हतं. नवसारी एकीकडे, अमरेली काठेवाडात, कडी प्रांत उत्तरेला, आणि मध्ये इंग्रजांचे जिल्हे आणि इतर संस्थानं. म्हणून लाकडी पेट्या तयार केल्या. एका पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तकं. मागणी आली की पेटी रेल्वेने रवाना व्हायची. जाण्यायेण्याचं भाडं राज्य भरायचं. गावातल्या एका जबाबदार माणसाने ती उतरवून घ्यायची, लोकांना पुस्तकं द्यायची आणि मुदत संपली की परत पाठवायची.

ज्यांना वाचताच येत नव्हतं त्यांचं काय, याचीही सोय होती. ग्रंथालय खात्यात चित्रं दाखवणारी एक वेगळी शाखा होती. ती माणसं खेड्यात जाऊन मॅजिक लँटर्नवर चित्रं आणि पुढे चित्रपट दाखवायची, तेही फुकट. मध्यवर्ती ग्रंथालयात लहान मुलांसाठी वेगळी खोली होती आणि तिथे पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. बायकांच्या वाचनासाठी निराळी व्यवस्था केली. महाराणी चिमणाबाई, म्हणजे देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई, स्वतः स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहित होत्या. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

राजा मराठी, प्रजा गुजराती

राज्यकर्ते मराठी आणि बहुसंख्य प्रजा गुजराती, हा बडोद्याचा कायमचा प्रश्न. सयाजीरावांनी गावच्या वाचनालयांत गुजराती पुस्तकांना पहिलं स्थान दिलं, कारण तिथला वाचक गुजराती होता. त्याच वेळी मराठीचं कपाटही भरत राहिलं. १९१२ मध्ये बडोद्यात गुजराती साहित्य परिषद भरली. त्या सुमारास त्यांनी देशी भाषांत पुस्तकं तयार करण्यासाठी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्यातून सयाजी साहित्यमाला उभी राहिली आणि तिच्यात गुजरातीबरोबर मराठी पुस्तकंही निघाली. राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश, सयाजी शासन कल्पतरू, १९३१ मध्ये छापला गेला.

मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९, १९२१ आणि १९३४ असं तीनदा भरलं ते सयाजीरावांच्याच काळात. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे तर ते स्वतः अध्यक्ष होते. मराठीच्या अभिमानासाठी गुजरातीला मागे सारावं लागतं, असं त्यांच्या राज्यात कुठे दिसत नाही. एका ग्रंथालय खात्याच्या छपराखाली दोन्ही भाषांचे वाचक बसत होते.

संस्कृत पोथ्यांचंही तेच. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात हस्तलिखितं जमवली गेली. त्यातून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघाली आणि राजशेखराचा काव्यमीमांसा हा ग्रंथ तिच्यात पहिला छापला गेला. १९२७ मध्ये या विभागाची स्वतंत्र प्राच्यविद्या संस्था झाली.

हुकूम पोचला, मन पोचलं नाही

सगळं गोड होतं असं मात्र नाही. सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. शिकून आल्यावर १९१७ मध्ये ते करारानुसार बडोद्यात नोकरीला आले. त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. परतीच्या गाडीची वाट पाहत त्यांना सार्वजनिक बागेत बसून राहावं लागलं. ज्या राज्यात शाळा आणि पुस्तकं सर्वांना खुली केली होती, त्याच राज्याच्या राजधानीत हे घडलं. महाराजांचा हुकूम कचेरीपर्यंत पोचला होता, पण कचेरीतल्या शिपायाच्या आणि गल्लीतल्या घरमालकाच्या मनापर्यंत पोचला नव्हता.

घरातही त्यांनी दुःख पाहिलं. फत्तेसिंहराव, शिवाजीराव आणि जयसिंहराव हे तीन मुलगे त्यांच्या हयातीतच गेले. इंग्रज सरकारशी संबंध ताणलेले होते. १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांनी बादशहाला प्रथेप्रमाणे मुजरा केला नाही म्हणून मोठं वादळ उठलं. प्रकृतीसाठी ते वारंवार युरोपात असत आणि त्यावरून टीकाही होई.

१९३१ मध्ये मांडवी भागात मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत सुरू झाली. लोखंडी मांडण्या अमेरिकेतून आणलेल्या आणि मजल्यांना काचेच्या फरशा. वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत उतरावा म्हणून ही योजना.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचं निधन झालं. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. मोतीभाई अमीनही त्याच वर्षी गेले. तोवर राज्यातल्या वाचनालयांची संख्या हजाराच्या पुढे गेली होती. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९६० मध्ये तो मुलूख गुजरातेत गेला. बडोद्याची ही सगळी यंत्रणा राज्याचे हुकूम आणि अनुदानाच्या नियमांवर चालली. ग्रंथालयांचा कायदा कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये केला, कर्नाटकाने १९६५ मध्ये, महाराष्ट्राने १९६७ मध्ये, गोव्याने १९९३ मध्ये आणि खुद्द गुजरातने २००१ मध्ये.

राज्याच्या सीमा बदलल्या की मराठी वाचनालयाला अनुदान कोण देणार, हा प्रश्न बेळगावपासून इंदूरपर्यंत सगळ्यांना ओळखीचा आहे. बडोद्याच्या योजनेत सरकारच्या आणि पंचायतीच्या वाट्याची रक्कम गावाच्या वर्गणीवरून ठरत होती. गावाने आधी आपले पंचवीस रुपये जमवायचे, मगच पुस्तकांची गाडी निघायची. मांडवीतलं ते ग्रंथालय आजही चालू आहे आणि काचेच्या फरशीवरच्या मांडण्यांमध्ये गुजरातीबरोबर मराठी पुस्तकंही आहेत.