सात रुग्णांतून उलगडलेला आजार

पाळी महिनोन्‌महिने येत नाही, चेहऱ्यावर राठ केस उगवतात, लग्नाला वर्षे लोटली तरी दिवस राहत नाहीत. अशा तक्रारी घेऊन एखादी तरुणी आज डॉक्टरांकडे गेली, तर ‘पीसीओएस’ हा शब्द तिच्या कानावर पडतोच. या तक्रारींची एकत्र सांगड घालण्याचे श्रेय प्रामुख्याने शिकागोच्या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांना जाते. त्यांतले ज्येष्ठ म्हणजे डॉ. आयर्विंग स्टाइन.

स्टाइन यांचा जन्म १८८७ मध्ये शिकागोतला. तिथल्याच रश मेडिकल कॉलेजातून १९१२ मध्ये ते डॉक्टर झाले आणि मायकेल रीझ रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी सोनोग्राफी नव्हती. अंडाशय पाहायचे, तर पोट उघडावे लागे. स्टाइन यांनी वेगळी वाट धरली. पोटात वायू सोडून ते एक्स-रे काढत. त्या चित्रात अंडाशयांची सावली दिसे आणि काही स्त्रियांमध्ये ती नेहमीपेक्षा मोठी भरे.

त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान असलेले सहकारी डॉ. मायकेल लेव्हेंथल यांच्यासह त्यांनी १९३५ मध्ये सात रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी बंद वा अतिशय अनियमित, अंडाशय मोठे व आत अनेक बारीक पुटकुळ्या, काहींच्या अंगावर जास्त केस, काहींचे वजन वाढलेले. तपासणीसाठी अंडाशयाचा तुकडा काढल्यावर काहींची पाळी पुन्हा सुरू झाल्याचे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणून त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया केली. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. पुढे कित्येक वर्षे हा आजार ‘स्टाइन-लेव्हेंथल सिंड्रोम’ याच नावाने ओळखला गेला.

अंडाशयाचे जाड झालेले आवरण बीज बाहेर पडू देत नाही, असा स्टाइन यांचा तर्क होता. तो अपुरा ठरला. १९६० च्या दशकात बीज तयार होण्यासाठी क्लोमिफीनच्या गोळ्या आल्या. शस्त्रक्रियेनंतर आतले अवयव एकमेकांना चिकटण्याचा धोका होता, त्यामुळे ती मागे पडली. १९८० पासून इन्सुलिनशी असलेला संबंध स्पष्ट होऊ लागला. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते आणि बीजाची वाढ अर्ध्यावर थांबते. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे अशी अर्धवट वाढलेली बीजकोशिकाच असतात. स्टाइन १९७६ मध्ये वारले, तोवर हे चित्र पुरते स्पष्ट झालेले नव्हते.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा आजार असतो आणि त्यांतल्या बहुसंख्य जणींना त्याचा पत्ताही नसतो. केवळ सोनोग्राफीच्या अहवालावरून निदान होत नाही. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण आणि अंडाशयाचे स्वरूप या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी आढळाव्या लागतात. थायरॉइडसारखी इतर कारणेही आधी तपासावी लागतात. सडपातळ मुलींनाही हा आजार होतो.

वजन जास्त असेल, तर त्यात ५ ते १० टक्के घट झाली तरी अनेकींची पाळी सुधारते. रोजचा व्यायाम, बेताचा आहार आणि गरजेनुसार डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या हे उपचाराचे मुख्य भाग. दिवस राहण्यासाठी आता बहुतेक वेळा लेट्रोझोल आधी दिले जाते. मूल हवे असो वा नसो, पाळी तीन महिने आली नाही तर दुर्लक्ष करू नये. गर्भाशयाचे अस्तर दीर्घकाळ साचत राहिले, तर पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. रक्तातली साखरही वेळोवेळी तपासावी. स्टाइन यांची नजर अंडाशयावर होती, पण आज उपचार करताना सगळ्या शरीराचा विचार करावा लागतो.