कै. रावबहादूर केरो लक्ष्मण छत्रे : लोहचुंबकाचा मराठी साधक

आपल्या ज्ञातीत होऊन गेलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र स्मरणिकेत द्यावे, ही चाल सर्वत्र रूढ आहे. परंतु चरित्रनायक निवडताना आपली दृष्टी बहुधा राजकारणी, सेनानी आणि ग्रंथकार यांच्यावरच जाते. वर्षानुवर्षे एका अंधाऱ्या खोलीत बसून सुईची हालचाल टिपणारा मनुष्य सहसा कोणास आठवत नाही. या वर्षी आम्ही मुद्दाम अशाच एका पुरुषाची निवड केली आहे. रावबहादूर केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच पुणेकरांचे केरूनाना, हे नाव वडील मंडळींना गणिती आणि पंचांगशोधक म्हणून ठाऊक आहे. त्यांच्या नोकरीची पहिली दहा-अकरा वर्षे लोहचुंबकाच्या वेधांत गेली, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस माहीत असेल.

या निवडीस स्थानिक कारणही आहे. आमचे मावळ समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर. तरीही आरमाराशी त्याचा निकटचा संबंध आहे. लोणावळ्यास नौदलाची 'शिवाजी' ही यंत्रविद्येची संस्था १९४५ साली सुरू झाली आणि तेव्हापासून आगबोटींची व युद्धनौकांची यंत्रे चालविणारे तरुण येथे घडत आले आहेत. समुद्राच्या पोटात दडलेली पाणबुडी चुंबकाने आणि ध्वनीने कशी हुडकावी, ही आधुनिक आरमाराची मोठी विद्या होय. त्या विद्येतील चुंबकाच्या अर्ध्या भागाचा पाया ज्या प्रकारच्या कामावर उभा आहे, ते काम या देशात आरंभीच्या काळी ज्यांनी केले, त्यांत केरूनाना होते.

केरूनानांचा जन्म १८२५ साली अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. नारळी-पोफळीच्या बागांचे हे गाव. समोर समुद्र, त्यात आंग्र्यांचा कुलाबा किल्ला. विद्येसाठी ते मुंबईस आले. त्या वेळी एल्फिन्स्टन संस्थेत प्रोफेसर ऑर्लिबार हे गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत. बाळशास्त्री जांभेकरही तेथेच अध्यापन करीत. केरूनानांची गणितातील गती ऑर्लिबार साहेबांच्या लवकरच ध्यानात आली. १८४० साली, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, कुलाब्याच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

ही वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली. बंदरात येणाऱ्या गलबतांची घड्याळे अचूक लावून देणे आणि ग्रहताऱ्यांचे वेध घेणे, हा तिचा मूळ हेतू. पुढे तिच्याकडे आणखी एक काम आले. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नेमकी रोखत नाही. ती थोडी बाजूस ढळते आणि तो ढळ स्थळाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलतो. भर समुद्रात नावाड्याला हा फरक ठाऊक नसेल, तर खडकावर आपटण्याचीच वेळ. जर्मनीतील गॉस या महान गणितज्ञाने गॉटिंगेन येथे पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्याची सूक्ष्म रीत बसवली होती. तिला अनुसरून इंग्रजांनी टोरांटो, सेंट हेलिना, केप आणि होबार्ट येथे चुंबकीय वेधशाळा स्थापिल्या. कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई ही ठाणी आपल्याकडे घेतली. मुंबईस हे वेध १८४१ साली सुरू झाले.

ते काम कसे चाले, हे समजल्याखेरीज केरूनानांची थोरवी कळावयाची नाही. रेशमाच्या धाग्याला चुंबकाची कांडी आडवी टांगलेली असे. कांडीस लहानसा आरसा जोडलेला. काही हात दूर दुर्बीण रोखून त्या आरशात उमटलेली मोजपट्टी वाचावयाची. कांडी केसभर वळली तरी आरशातील आकडा सरकतो आणि डोळ्यास न दिसणारी हालचाल मोजता येते. एक कांडी दिशेचा ढळ दाखवी. दोन धाग्यांवर पीळ देऊन टांगलेली दुसरी कांडी आडव्या बलाचा चढउतार दाखवी. तराजूच्या दांडीप्रमाणे तोललेली तिसरी कांडी उभ्या बलाचा. अशा खोलीत लोखंडाला मज्जाव असतो. खिशातील किल्ली किंवा कनवटीचा चाकूदेखील बाहेर ठेवावा लागतो, कारण तेवढ्या लोखंडानेही आकडा बिघडतो. ठरलेल्या दिवशी तर जगातील सर्व ठाण्यांवर गॉटिंगेनच्या घड्याळाशी मेळ ठेवून, अहोरात्र, थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने आकडे टिपावे लागत. कुलाब्याच्या दमट हवेत, समईपेक्षा फारशा मोठ्या नसलेल्या उजेडात, डोळा दुर्बिणीस लावून रात्र काढावयाची! त्यात टाळ्या नाहीत आणि बक्षीसही नाही. एक आकडा चुकला तर तो कोणाला कळणारही नाही. म्हणूनच तो चुकू न देणे हे सर्वस्वी टिपणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून.

या सचोटीचे मोल किती, हे पुढे एका प्रसंगाने सिद्ध झाले. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावर मोठा क्षोभ झाला व पृथ्वीचे चुंबकत्व जगभर हादरले. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली. केरूनाना तेव्हा कुलाबा सोडून गेले होते. परंतु कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांच्यामागून आलेले साहाय्यक जुन्या रीतीप्रमाणे आपल्या जागी बसून आकडे टिपीत होते. आडवे बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची त्यांची नोंद तशीच राहिली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, शास्त्रज्ञांनी ती वही पुन्हा अभ्यासली आणि इतिहासातील त्या सर्वांत प्रसिद्ध चुंबकीय वादळाचे माप मुंबईच्या आकड्यांवरून ठरवले. टिपणाऱ्यांची नावे जगास ठाऊक नाहीत. त्यांचे आकडे मात्र जगाने मान्य केले.

आता आरमाराकडे वळू. पोलादी जहाज म्हणजे एक मोठे चुंबकच. ते जेथे जाईल तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वात लहानशी खोट उत्पन्न करते. या तत्त्वावर जर्मनांनी चुंबकीय सुरुंग केले. १९३९ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या किनाऱ्यावर असा एक सुरुंग अखंड सापडला, तेव्हा त्याचे मर्म उमगले. मग जहाजाभोवती विजेच्या तारांचे वेटोळे घालून त्याचे चुंबकत्व मारण्याची युक्ती निघाली. तिला गॉसच्या नावावरूनच डीगॉसिंग म्हणतात. त्याच महायुद्धात विमानाला चुंबकमापक बांधून पाण्याखालची पाणबुडी शोधण्यास प्रारंभ झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लांजव्हँ यांनी गारगोटीच्या स्फटिकापासून पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपण्याची रीत काढली होती. ध्वनी आणि चुंबक हे आरमाराचे दोन पहारेकरी तेव्हापासून जोडीने काम करू लागले.

यात अडचण अशी की, पाणबुडीमुळे पडणारा फरक अतिशय लहान असतो. आमच्या किनाऱ्यावर पृथ्वीचे एकूण चुंबकबल चाळीस हजार नॅनोटेस्लांहून अधिक आहे. शांत दिवशीही ते सूर्याबरोबर काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होते. आणि विमानातून शोधावयाची पाणबुडीची खूण अनेकदा मोजक्या एककांचीच. जमिनीवरही हीच गोष्ट. आमच्या लोणावळा-खंडाळ्याच्या काळ्या कातळात लोहचुंबकाचे कण आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना पकडलेले चुंबकत्व तो कातळ अद्याप धरून आहे. म्हणून कड्याजवळ होकायंत्र धरले तर ते फसवू शकते. खरा फरक कोणता आणि सृष्टीचा नित्याचा खेळ कोणता, हे ज्यास आधी ठाऊक नाही, त्याच्या हाती कितीही नाजूक यंत्र दिले तरी व्यर्थ. तो नित्याचा खेळ समजण्यासाठी वर्षांमागून वर्षे आकडे टिपावे लागतात. केरूनानांनी तेच केले. त्यांनी पाणबुडीशोधक यंत्र बनवले, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या हयातीत तसा प्रश्नही उद्भवला नव्हता. परंतु ज्या ज्ञानावाचून अशी यंत्रे आंधळी राहतात, त्या ज्ञानाचे ते आरंभीचे मजूर होते. आणि मजूर हा शब्द आम्ही येथे गौरवाने योजला आहे.

१८५१ साली केरूनाना पुण्यास आले. तो काळ रेल्वेचा नव्हता. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत १८३० साली खुला झालेला खंडाळ्याचा गाडीरस्ता चढून, आमच्या लोणावळ्यावरूनच मुंबईचा प्रवासी पुण्यास जाई. बोरघाटातून आगगाडी धावू लागली ती १८६३ साली. त्याच १८५१ साली संस्कृत पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पुणे कॉलेज निघाले होते. तेथे आणि पुढे डेक्कन कॉलेजात केरूनानांनी गणित व सृष्टिशास्त्र शिकवले. त्यांच्या शिष्यांत लोकमान्य टिळकांचे नाव अग्रभागी येते. लोकमान्यांचा ज्योतिर्गणिताचा व्यासंग आणि गुरूंविषयीचा त्यांचा आदर सर्वश्रुत आहे. शाळांतील मुलांसाठी केरूनानांनी गणिताची व पदार्थविज्ञानाची मराठी पुस्तके केली. १८७७ साली त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली आणि १८७९ साली ते सेवानिवृत्त झाले.

त्यांच्या आयुष्यातील खरा कसोटीचा प्रसंग पंचांगाचा. आपल्याकडील पंचांगे बहुतांशी गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून होत. हा ग्रंथ शके १४४२ चा, आणि त्याचे कर्ते कोकणातल्याच नांदगावचे. तीन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर त्या गणिताने येणारे ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळेनासे झाले. ज्या मनुष्याने दहा वर्षे आकडा आणि वस्तू यांचा मेळ घातला, त्यास हे कसे सोसावे? केरूनानांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे 'ग्रहसाधनांची कोष्टके' रचली व ती १८६० साली प्रसिद्ध केली. शके १७८७ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्याने त्यांनी नवे पंचांग छापण्यास प्रारंभ केला. तेच पटवर्धनी पंचांग होय. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवतीच्या योगताऱ्यापासून धरला. त्यामुळे प्रचलित अयनांशांहून सुमारे चार अंशांचा फरक पडला, संक्रमणे सुमारे चार दिवसांनी हलली, आणि क्वचित अधिक मासही निराळा येऊ लागला.

लोकांनी हे पंचांग मानले काय? खेदाने सांगावे लागते की, फारच थोड्यांनी. संक्रांत आणि एकादशी शेजाऱ्यापेक्षा वेगळ्या दिवशी करण्याचे धैर्य कोणापाशी होते? विद्येचा वारसा सांगणारी आमची ज्ञातीही यात मागेच राहिली, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. ग्रहण नव्या गणिताने मिनिटास मिनिट जुळते, हे मान्य. पण व्रत मात्र जुन्या गणितानेच, असा दुटप्पी व्यवहार चालला. जुन्या पक्षाच्या बाजूनेही काही बोलण्यासारखे होते. धर्मकृत्य समाजाने एकत्र करावयाचे असते आणि एकीचे मोल चार अंशांपेक्षा अधिक आहे, असे त्यांस वाटे. तथापि स्वतः गणेश दैवज्ञांनी आपल्या काळी आकाश पाहूनच गणित सुधारले होते. त्यांचे अनुयायी ग्रंथास चिकटून राहिले. ग्रंथकर्त्याचा मार्ग चालले ते केरूनाना. विरोधामुळे ते चिडले नाहीत, आणि मागेही फिरले नाहीत. पंचांग वर्षानुवर्षे निघत राहिले. लोकमान्यांनी पुढे रेवती पक्षाचाच पुरस्कार केला आणि तो पक्ष टिळक पंचांगाच्या रूपाने टिकून राहिला.

१९ मार्च १८८४ रोजी केरूनाना दिवंगत झाले.

त्यांच्यामागे घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या नाजूक कांड्या निरुपयोगी झाल्या असत्या. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी चुंबकीय वेधांसाठी शांत जागा शोधली, ती अलिबागची. तेथे लोखंड वर्ज्य करून इमारत बांधली गेली, १९०४ पासून वेध सुरू झाले, आणि दोन्ही ठिकाणचे आकडे दोन वर्षे जोडीने घेऊन मगच १९०६ साली कुलाब्याचे काम थांबवण्यात आले. अशा रीतीने ज्या विद्येची सेवा करण्यास नागावचा एक मुलगा मुंबईस गेला होता, ती विद्या त्याच्या गावाच्या शेजारी वस्तीस आली. आज जगातील दीर्घकाळ चाललेल्या चुंबकीय नोंदींत कुलाबा-अलिबागची नोंद मानाने गणली जाते.

आमच्या ज्ञातीतील तरुण-तरुणींनी आज विज्ञानशाखांत नाव मिळवले आहे. लोणावळ्याच्या नौदल संस्थेतून शिकून आरमारात गेलेल्या तरुणांचाही साऱ्या मावळास अभिमान वाटतो. त्यांस आमचे सांगणे एवढेच. यंत्र नवे निघते, जुने होते आणि मोडीत जाते. खरेपणाने टिपलेला आकडा शंभर वर्षांनीही कामास येतो. आपल्या मंडळातर्फे विद्यार्थ्यांस पारितोषिके देण्यात येतात. त्यांत एक पारितोषिक केरूनानांच्या नावे असावे, आणि ते सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास न देता, वर्षभर एखादे निरीक्षण, मग ते पावसाचे असो, विहिरीच्या पाण्याचे असो वा ताऱ्यांचे, एकही दिवस न चुकता टिपणाऱ्या मुलास किंवा मुलीस द्यावे, अशी आमची मंडळाच्या चालकांस नम्र सूचना आहे. पावसाच्या बाबतीत तरी आमच्या लोणावळ्यास विषयाची वाण पडणार नाही!