लक्ष्मीबाई टिळक : पाचारण एकाला, प्रपंच दुसऱ्याचा

आपल्यापैकी बहुतेकांची लक्ष्मीबाई टिळकांशी पहिली भेट मराठीच्या पुस्तकातल्या धड्यात झाली. विसराळू नवरा, त्याच्या मागे धावणारी बायको आणि संसारातल्या फजित्या. वर्ग हसायचा, बाई दोन-चार प्रश्न लिहून द्यायच्या आणि धडा संपायचा. पुढे कधी तरी ‘स्मृतिचित्रे’ सलग वाचले की ध्यानात येते, की ज्या गोष्टींवर आपण हसलो त्या घडत असताना त्या बाईला हसू आले असेल असे नाही.

लक्ष्मीबाई मूळच्या मनकर्णिका गोखले. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. 1857 च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे जे खूळ शिरले ते कायमचे. घरात येणाऱ्या वस्तूला कोणाचा हात लागला असेल या भीतीने सगळे धुऊन घ्यायचे आणि मुलांनी भीतभीत वावरायचे. हे इथे मुद्दाम सांगितले, कारण पुढच्या गोष्टीचे निम्मे वजन यात आहे. विटाळ हा शब्द त्या पाटीवर शिकल्या नव्हत्या. तो त्यांच्या अंगात भिनला होता.

लग्न अकराव्या वर्षाच्या सुमारास झाले. नवरा नारायण वामन टिळक, जन्म 1861, गाव रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. कवी, संस्कृतचे जाणकार, वृत्तीने उदार आणि तितकेच तापट. एका जागी टिकणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. नोकरी सोडायची, न सांगता निघून जायचे, बाजाराला दिलेले पैसे पुस्तकांवर नाही तर कोणा गरजूवर खर्चायचे, हे नेहमीचे. लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंड पाहिले नाही. अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून.

1893 मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी धर्मावर बोलणे निघाले आणि उतरताना त्याने नवा करार हाती ठेवला. टिळक आधीपासूनच धर्माच्या शोधात होते. जातिभेद नसलेला, या देशाला उपयोगी पडेल असा धर्म त्यांना हवा होता. दोन वर्षे वाचन, पत्रव्यवहार आणि मनाची ओढाताण यांत गेली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या वेळी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी तीन-चार वर्षांचा दत्तू होता. त्यांना कोणी विचारले नव्हते. ख्रिस्ती चरित्रकार हा प्रसंग टिळकांच्या बाजूने सांगतात, तेव्हा ती धैर्याची गोष्ट होते, आणि ती तशी आहेही. पण त्याच दिवशी इकडे एक बाई नवरा जिवंत असताना नवऱ्याविना झाली. लोक समाचाराला येत ते दुखवट्याला आल्यासारखे. जीव द्यावा असे त्यांच्या मनात येऊन गेले. त्याच काळात, फारसे लिहिता येत नसताना, त्यांच्याकडून कविता होऊ लागल्या.

पुढची काही वर्षे नातेवाइकांच्या आधाराने गेली. काही काळ पंढरपूरला काढला. टिळकांची पत्रे येत राहिली. अखेर त्या त्यांच्याकडे नगरला गेल्या, पण धर्म घेऊन नव्हे, स्वतःचे पाणी आणि स्वतःची चूल घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली. टिळकांनी या वेळी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. आधीच्या घाईची भरपाई त्यांनी या धीराने केली, असे मला वाटते.

मग राहुरीच्या दिवसांत एक उलटाच क्रम घडला. लक्ष्मीबाईंनी आधी जात सोडली आणि ख्रिस्ताला नंतर स्वीकारले. देवाने माणसे निर्माण केली, जाती माणसांनी केल्या, हे त्यांना कोणाच्या प्रवचनातून पटले नाही. त्यांचा त्यांनीच विचार करून तो निकाल लावला आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या मोकळ्या झाल्या. जलालपूरच्या त्या घरातली मुलगी इथवर कशी आली असेल, याची नुसती कल्पना करावी. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हे सगळे घडले ते ऐन दुष्काळात. 1899-1900 चा तो दुष्काळ आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात कितीतरी वर्षे टिकून होता. पाठोपाठ प्लेगच्या साथी. टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते, नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवत होते. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण सेवा म्हणून जे काही असते त्यातले पुष्कळसे त्यांच्या घरात चालत होते, आणि तिथे कामाला होत्या लक्ष्मीबाई. टिळक रस्त्यातून पोर घेऊन येत. ते नाहायला घालायचे, जेवू घालायचे, आजारी पडले तर उशाशी बसायचे, हे काम त्यांचे. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषाही त्यांनी केली. पगार तुटपुंजा, तोही घरी पोहोचेल याची खात्री नाही.

बालकवी ठोमरे नगरला या घरात राहून गेले, हे तुम्हाला ठाऊक असेल. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. 1918 च्या मे महिन्यात भादलीला रेल्वेच्या अपघातात ते गेले. त्यांचे नाव निघाले की शाळेत ‘निसर्गकवी’ एवढेच सांगतात. या घराचेही नाव सांगायला हवे.

टिळकांची धडपड वेगळ्याच गोष्टीसाठी होती. येशू इथल्या माणसाला परका वाटू नये, तो अभंगातून, भजनातून, कीर्तनातून भेटावा, हा त्यांचा ध्यास. ‘उपासना संगीता’त त्यांची गीते अडीचशेच्या आसपास आहेत. मराठी चर्चमध्ये रविवारी गाणाऱ्या अनेकांना गीताचा कर्ता माहीत नसतो, गीत मात्र तोंडपाठ असते. 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. पण परदेशी मिशनच्या पगारावर राहून हे होणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले. 1917 मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवले, ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि साताऱ्याला बिऱ्हाड हलवले.

1895 चीच ही दुसरी आवृत्ती. उत्पन्न गेले, पुन्हा सगळे विंचवाचे बिऱ्हाड. फरक एवढाच, की या वेळी लक्ष्मीबाई मागे राहिल्या नाहीत. पन्नाशीला टेकलेल्या त्या बाईने गाठोडी बांधली. त्यांना नवऱ्याचे सगळे पटत होते असे मुळीच नाही, आणि न पटलेले त्या तोंडावर सांगत. मला वाटते, त्या घरातले खरे बळ यातच होते.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. मागे राहिले ते ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, जेमतेम दहा अध्याय झालेले. शाळेत न गेलेल्या त्यांच्या बायकोने ते हाती घेतले आणि आणखी चौसष्ट अध्याय रचले. अखेरची भर मुलाने, देवदत्ताने घातली. त्याच्याच आग्रहाने त्यांनी आठवणीही लिहिल्या. जे बोलत तेच लिहीत, त्यामुळे ‘स्मृतिचित्रे’त एक वाक्य अवघडलेले सापडत नाही. 1934 च्या अखेरीस पहिला भाग निघाला आणि धर्मांतरावरून ज्यांनी कधीकाळी नाके मुरडली असती अशा घरांतही तो वाचला गेला.

24 फेब्रुवारी 1936 रोजी लक्ष्मीबाई गेल्या. चौथा भाग तेव्हा अपुरा होता. तो देवदत्ताने पुरा करून त्याच वर्षी प्रसिद्ध केला. नवऱ्याने टाकल्याच्या त्या दिवसांत सुरू झालेल्या कवितांचे पुस्तक, ‘भरली घागर’, निघायला मात्र 1951 साल उजाडले.