शांतारामबापू आणि चित्रपटांचे सरकारी भांडवल

उंब्रजवरून जाणारा महामार्ग पुणे आणि कोल्हापूर जोडतो. व्ही. शांताराम यांची कारकीर्द याच दोन शहरांत घडली. १८ नोव्हेंबर १९०१ रोजी जन्मलेल्या शांतारामबापूंनी बाबूराव पेंटरांकडे उमेदवारी केली. १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी राहिली, तीही सीतारामपंत कुलकर्णी या सराफाच्या पाठबळावर. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास आली. १९४२ मध्ये बापूंनी मुंबईत ‘राजकमल’ काढली.

सर्वांनाच असा सराफ लाभत नाही. युद्धोत्तर काळात बँका चित्रपटांना उभे करीत नसत. निर्माते जबर व्याजाखाली पिचत. केंद्राने १९४९ मध्ये नेमलेल्या स. का. पाटील समितीत बापू सदस्य होते. स्वतःचा स्टुडिओ असलेल्या निर्मात्याने इतरांच्या कर्जाचा विचार करावा, हे विशेषच. समितीने १९५१ मध्ये चित्रपट वित्त महामंडळ आणि प्रशिक्षण संस्था सुचविली. सरकारी गतीने दोन्हींना १९६० उजाडले. महामंडळाच्या कर्जातून ‘भुवन शोम’ (१९६९) निघाला. पुढे १९८० मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. प्रशिक्षण संस्था मात्र पुण्यात, ‘प्रभात’च्याच आवारात सुरू झाली. १९७४ पासून तेथे दूरचित्रवाणीचेही शिक्षण मिळू लागले.

बापूंचे निधन ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत झाले.