विश्लेषण : गळाला लावायचे गांडूळ, मिठाचे पाणी आणि डार्विन

उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे अखेरचे पुस्तक गांडुळांवर होते. लहानपणी गळाला लावलेल्या या जिवाने त्यांची पाठ आयुष्यभर सोडली नाही, ती कशी?

पावसाची झड लागली की जळकोट परिसरात गळ टाकणाऱ्यांना आमिषासाठी लांब जावे लागत नाही. मोरीमागची किंवा उकिरड्याकडेची ओली माती कुदळीने उकरली की गांडुळे हाताला लागतात. कुणी त्यांना दानवे म्हणते, कुणी शिदोड. तिरू नदीच्या काठी बसून ती गळाला ओवायची आणि वाट पाहायची. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधला एक मुलगाही तासन् तास हेच करत असे.

गळ टाकणारा हा मुलगा कोण?

चार्ल्स डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी या गावी झाला. वडील नामांकित डॉक्टर, घर सेव्हर्न नदीच्या काठावर. चार्ल्स आठ वर्षांचा असताना आई गेली. शाळेत त्याचे मन रमत नसे. नदीकाठी किंवा तळ्याकाठी बसून पाण्यावरच्या तरंगीकडे पाहण्यात मात्र त्याचा दिवस सरे.

मेअर या गावी मामा राहत. तिथे त्याला कुणीतरी सांगितले, की गांडुळे मिठाच्या पाण्यात आधी मारता येतात. त्या दिवसापासून त्याने जिवंत गांडूळ गळाला टोचले नाही. मेलेल्या गांडुळाला मासे कमी लागत असावेत, हे त्याला कळत होते. तरीही त्याने नेम मोडला नाही. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही आठवण आवर्जून नोंदवली आहे.

मामांनी दाखवलेले शेत

पुढे एडिनबरा येथे वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सुटले. केंब्रिजची पदवी झाली आणि १८३१च्या डिसेंबरमध्ये ते बीगल जहाजावर चढले. पाच वर्षांनी परतल्यावर ते पुन्हा मेअरला गेले. मामा जोसाया वेजवूड यांनी त्यांना एक कुरण दाखवले. तिथे काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आणि कोळशाची राख आता मातीखाली काही इंचांवर सापडत होती. वरून कुणी माती टाकलेली नव्हती. हे काम गांडुळांचे असावे, अशी मामांची अटकळ होती. गांडुळे खालची माती गिळतात आणि विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकतात. त्यामुळे वरच्या वस्तू हळूहळू खाली जातात.

नोव्हेंबर १८३७ मध्ये डार्विन यांनी लंडनच्या भूविज्ञान संस्थेत यावर निबंध वाचला. दीड वर्षाच्या आत मामांची मुलगी एमा हिच्याशी त्यांचे लग्न झाले. मामाच्या मुलीशी सोयरीक मराठवाड्याला नवी नाही, इंग्लंडच्या त्या वर्गातही ती चालत असे.

२९ वर्षे चाललेला प्रयोग

१८४२ मध्ये हे कुटुंब केंट परगण्यातील डाऊन या गावी राहायला गेले. त्याच वर्षी २० डिसेंबरला डार्विन यांनी घराजवळच्या शेताच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरले आणि वाट पाहिली. मधल्या काळात १८५९ मध्ये त्यांचा जगाला हादरवणारा ग्रंथ आला, वाद झाले, मुलांची आजारपणे आणि मृत्यू झाले. नोव्हेंबर १८७१ अखेरीस त्या शेतात चर खणला, तेव्हा खडूची पांढरी रेघ ७ इंच खाली होती.

दरम्यान १८६९ मध्ये एका टीकाकाराने त्यांचे म्हणणे खोडून काढले. एवढासा प्राणी एवढे मोठे काम करूच शकत नाही, असा त्याचा दावा होता. गांडुळांच्या या विरोधकाचे आडनाव फिश, म्हणजे मासा, असावे हा योगायोग!

रात्री कंदील घेऊन...

मोठी गांडुळे रात्री बिळातून अर्धी बाहेर येतात आणि शेपूट बिळातच ठेवतात. आमिष गोळा करणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. डार्विनही अंधारात कंदील घेऊन निघत. तेजस्वी प्रकाश पडला की गांडुळे झटकन आत जात. लाल काच लावलेल्या मंद उजेडात मात्र तशीच राहत. पाऊल जोरात पडले तरी ती गडप होत.

मग अभ्यासिकेत मातीच्या कुंड्या आल्या. मुलगा फ्रान्सिस यांनी त्यांच्यापुढे बासून हे खर्जातले वाद्य वाजवले, एमा यांनी पियानो. गांडुळे ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून पट्टी दाबताच ती आत पळाली. गांडुळांना ऐकू येत नाही, पण कंप कळतो, हे असे सिद्ध झाले. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानातून आणि निलगिरीच्या डोंगरांतूनही त्यांच्याकडे गांडुळांच्या विष्ठेचे नमुने आले.

ऑक्टोबर १८८१ मध्ये पुस्तक निघाले आणि हातोहात खपले. एक एकर जमिनीत वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, हा त्यातला हिशेब. ज्या जिवाला माळी उपद्रवी समजत, त्याला निसर्गाचा नांगर ठरवणारे हे पुस्तक होते. सहा महिन्यांनी, १९ एप्रिल १८८२ रोजी, डार्विन यांचे निधन झाले.

एक कोडे मागे राहिले

जमीन हादरली की गांडुळे बाहेर का येतात? मोल नावाचा, जमिनीखाली बिळे करणारा शिकारी आला असे त्यांना वाटते, ही लोकांची समजूत डार्विन यांनी नोंदवली होती. त्यांनी स्वतः फावड्याने जमीन बडवून पाहिली, गांडूळ आले नाही. कदाचित फार जोरात बडवले असेल, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात आमिष विकणारे लोक लाकडी खुंटी जमिनीत ठोकून तिच्यावर लोखंडी पट्टी घासतात आणि गांडुळे वर येतात. २००८ मध्ये केनेथ कॅटानिया या शास्त्रज्ञाने दाखवले, की तो कंप मोलच्या खणण्यासारखाच असतो. लोकांची समजूत बरोबर निघाली. कॅनडात तर कपाळाला दिवा बांधून रात्रभर गांडुळे वेचण्याचा धंदाच आहे. दर वर्षी कोट्यवधी गांडुळे तिथून गळांसाठी जातात.

जळकोटच्या मातीत काय वेगळे?

डार्विन यांनी पाहिलेली मोठी रात्रिंचर गांडुळे थंड प्रदेशातली. आपल्या काळ्या मातीतली वेगळ्या जातींची. उन्हाळ्यात भेगा पडल्या की ती खोल जातात आणि वेटोळे करून निपचित पडतात, पहिल्या पावसानंतर पुन्हा वर येतात. गांडूळखताच्या बेडमध्ये असते ते तिसरेच, परदेशातून आणलेले लालसर गांडूळ. ते शेणात आणि पालापाचोळ्यात वाढते, खोल बिळे करत नाही. त्यामुळे ते शेतात सोडले म्हणजे जमीन नांगरली जाईल, ही अपेक्षा फोल ठरते. मात्र ते दीड-दोन महिन्यांत वयात येते आणि भराभर वाढते. खोल बिळे करणाऱ्या मोठ्या जातींना त्यासाठी बराच जास्त काळ लागतो. म्हणून गळासाठी मूठभर गांडुळे हवी असतील, तर ती बेडमधून किंवा उकिरड्यातून घेतलेली परवडतात, बांधावरची नाहीत.